सतराव्या घरातला चार

गुरुवार, संध्याकाळ

वहीबाई, चार दिवसांनी उघडतो आहे, रागावू नकोस. लिहायला हात धजत नव्हता.

रविवारी चेन्नईहून नातीचा फोन आला. विणकरांना रेशीम तोलून देतात आणि साडी तोलून परत घेतात, त्या हिशेबाचा प्रोग्रॅम ती लिहिते. म्हणाली, "आजोबा, चाचणी नापास! ०.१ आणि ०.२ मिळून ०.३ हवं, तर दशांशाच्या सतराव्या घरात एक चार डोकावतो."

मी घाबरलो. "यंत्र खोटं बोलतं?"

"नाही हो. असे आकडे त्याच्या पोटात नेमके मावत नाहीत. म्हणून 'अगदी सारखं का' असं विचारायचं नाही, 'एवढ्या फरकाच्या आत आहे का' विचारायचं. तुम्ही तराजूवर बसायचात तेव्हा किती फरक चालवून घ्यायचात?"

काहीच नाही, हे कसं सांगू? उन्हाळ्यात रेशीम सुकून हलकं होतं, हे ठाऊक होतं. तरी दारासुरमच्या विणकर सेल्वमची साडी दोन ग्रॅम कमी भरली तेव्हा मी त्याला चारचौघांत चोर म्हटलं. तो एवढंच म्हणाला, "अय्या, साहेब, ऊन बघा." पुन्हा आला नाही.

सूट फार ठेवली तर खरी चोरीही पास होईल, ही धास्ती आहेच. पण सतराव्या घरातल्या चारासाठी कुणी चोर ठरू नये. उद्या सकाळच्या बसने दारासुरमला सेल्वमची माफी मागायला जाणारच. त्याने दार लावून घेतलं तरी उभा राहीन.

पोरी, तुझी चाचणी पास झाली का, लवकर कळव. माझी उद्या आहे.