दादाची बोटं

पवनी, मंगळवार, दिवेलागणीची वेळ

आज बी.ए.च्या वर्गात ग्रीक महाकाव्यातला भटका नायक शिकवला. भेटेल त्याला आपली वेगळीच कहाणी सांगणारा. घरी पोचल्यावर म्हाताऱ्या बापालाही थाप मारतो. पोरं म्हणाली, "सर, हुशार हाय तो." मीही मान डोलावली. काहून डोलावली?

घरी आलो तर दादा ओसरीवर. माझा थोरला भाऊ, बारा वर्षांनी मागच्याच आठवड्यात परतलेला. आईला सांगत होता, "ट्रकच चालवत होतो मी. हातमागाले बारा वर्सं हात नाई लावला."

तेवढ्यात वहिनीच्या हातमागावर ताण्याचा धागा तुटला. दादा बोलता बोलता उठला, न बघता दोन्ही टोकं चिमटीत धरली, पीळ दिला. गाठ बसली. बोलणं थांबलंसुद्धा नाही.

परीक्षेपायी मी दोनच वर्षं माग सोडला होता, तर माझी गाठ बसता बसेना. आणि ह्याची एका दमात? बारा वर्षं स्टिअरिंग धरलेल्या बोटांनी?

मग कोणाच्या घरी मागावर बसला होता हा? कोणाचे धागे सांधत होता? की मीच उगाच संशय घेऊन राहिलो? आई तर हसत होती. पण ती गाठ!

वहिनीकडे पाहिलं. तिने मान खाली घालून शेजारचा धागा नखाने हळूच तोडला.

"अजून एक तुटला जी," ती म्हणाली. "सांधून द्या न."

आणि आमचा हुशार दादा हसत उठला.