शिवलेल्या गोणीचा पंचनामा

सरावली,
रविवार, दुपार

ती. साखरमावशीस रूपेशचा नमस्कार.

आठ दिवस रोज ‘उद्या लिहितो’ म्हणतोय. फोन केला असता, पण फोनवर तू आधी ओरडतेस आणि मग ऐकतेस. गुडघे कसे आहेत? सातपाटीत यंदा वाळत घातलेल्या मासळीवर कावळे फार आहेत का? (आमच्या खोलीसमोरही एक येतो, लंगडा. त्याचं नंतर.)

तर गोणीचं. तू ती जाळ्याच्या दोऱ्याने शिवलीस आणि बजावलंस, ‘माझ्या प्रतीक्षाशिवाय कोणी उघडायची नाय.’ बोईसरला नाकाबंदी होती. हवालदारांनी रिक्षा थांबवून विचारलं, गोणीत काय हाय? मी म्हटलं, सुके बोंबील. ते म्हणाले, ‘वासावरून कळलं, जा.’ म्हणजे मी सुटलोच होतो. पण तेवढ्यात मला इंद्रजीत आठवला (माझ्या खोलीतला, सोलापूरचा, वकिलीच्या पहिल्या वर्षाला दोनदा बसलेला). तो म्हणतो, झडतीला कागद लागतो, दोन पंच लागतात, यादीची प्रत आपल्याला मिळते. मी उगाच बोललो, ‘साहेब, तशीही ही गोणी तुम्हाला उघडता येणार नाही.’

हवालदार थांबले. ‘का रे?’ आता मावशीने बजावलंय हे कायद्यात बसतं की नाही ते मला ठाऊक नव्हतं, म्हणून मी नुसतं पंच, पंच करत राहिलो. ‘मग नियमानेच होऊ दे,’ म्हणत त्यांनी खरंच दोन पंच उभे केले, आमचाच रिक्षावाला आणि एक वडापाववाला. तुझी गाठ तिघांनाही सुटेना, शेवटी कापली (माफ कर). यादी झाली: सुके बोंबील, नग एकशे त्र्याऐंशी, पैकी मोडके चार. तळाशी मुलीचा फोटो, नग एक. चिठ्ठी, नग एक. ती पंचांसमक्ष मोठ्याने वाचली गेली: ‘प्रतीक्षा, ही माहीमची वैभवी. रूपेशसाठी बघतेय. त्याला आधी सांगू नको, पळेल.’

मावशी, माझ्या लग्नाची गोष्ट मला पंचनाम्यातून कळली! वडापाववाला म्हणाला, ‘पोरगी चांगली हाय, पळू नको.’

हवालदार मात्र फोटो उजेडात धरून पुन्हा पुन्हा बघत राहिले. नंतरचे प्रश्न मला अजून कळलेले नाहीत. दारू पितोस का? नोकरी कायम की ठेक्यावर? एका जागी किती महिने टिकतोस? संडास खोलीत की बाहेर? याचा बोंबलांशी संबंध काय? गप्प राहायचा हक्क असतो म्हणे, पण मी घाबरून सगळं खरं सांगितलं, चार वर्षांत सहा नोकऱ्या सोडल्या तेही. त्यांनी पत्ता उतरवून घेतला आणि गोणी परत दिली. गुन्हा कोणता, ते शेवटपर्यंत कोणी सांगितलं नाही.

कावळ्याचं राहिलंच.

तुझा,
रूपेश

ता.क. बोंबील प्रतीक्षाताईकडे पोचले. फोटो पोचला नाही. हरवलेला नाही, माझ्या पाकिटात आहे (पाकिटाला वास येतो, येऊ दे). पत्र खरं त्यासाठीच. माहीमला जाऊन विचार ना. मी पळत नाही. फक्त त्या सहा नोकऱ्यांचं त्यांच्या घरात कोणाला कळू देऊ नको.

ता.क. २. पत्राचं पाकीट चिकटवत होतो तर दार वाजलं. तेच हवालदार, साध्या कपड्यात, सोबत बायको. म्हणाले, ‘मी वैभवीचा मामा. घर बघायला आलो.’ कागद नाही, पंच नाही, आणि मामी न विचारता एकेक डबा उघडून बघतायत. आता इंद्रजीतची गादी उचलली. याला कायद्यात काय म्हणतात, त्याला हळूच विचारलं. तो म्हणतो, हे आमच्या वर्षाला नव्हतं. चहा ठेवतो.