पाला जाळू नये, नांगर घालू नये

चर्र, चर्र, चर्र. चौथीत असताना शालिग्राम गुरुजी आम्हाला सागाच्या रानात नेऊन चालता चालता कविता म्हणायला लावीत, आणि चैत्रातला वाळला पाला पायांखाली ताल धरी. एकदा त्यांनी तो पाला बाजूला सारायला सांगितला. खाली माती ओली, गार. "याला कोण पाणी घालतं रे?" गुरुजींनी विचारले. ते उत्तर शोधण्यात माझे म्हातारपण गेले, आणि फार मजेत गेले. सापडलेले उत्तर माझ्यामागे मोडले जाऊ नये म्हणून हा लेख.

मी, दगा ओंकार पाटील, वय ७६, लूमवरचा निवृत्त कारागीर, राहणार डिंडोली, सुरत, पूर्ण शुद्धीत, कुणाच्या दडपणाशिवाय, सकाळचा चहा पिऊन हे लिहून ठेवतो. नाव दगा असले तरी आजवर कुणाला दिलेला नाही. याआधी मृत्युपत्र केलेले नाही.

१. डिंडोलीचे घर मुलगा योगेंद्र याला. त्याने माझी बरीच बडबड सहन केली आहे.

२. कवितांच्या अकरा वह्या गावच्या शाळेला. तेराव्याला भाषणे नकोत. मुलांना रानात न्यावे, कविता म्हणवून घ्यावी. शब्द चुकले तरी चालतील, चाल चुकू नये.

३. लूमवरचा पाना आणि कातर कडोदऱ्याचा माझा लूमवरचाच जोडीदार भटू याला द्यायची होती. पण वकील म्हणतात, साक्षीदाराला काही ठेवता येत नाही. म्हणून कालच हातात दिली. भटू म्हणाला, "नाना, घाई काय? अजून तुम्हीच मला पोचवाल."

४. शहादा तालुक्यातले दीड एकर वावर योगेंद्रच्या नावे. बारा वर्षांत त्यात नांगर गेलेला नाही. शेवग्याच्या सावलीत हळद, तुरीच्या आधाराने चवळी, खाली वीतभर पाला. जंगलाला कोणी खत घालत नाही, तरी ते उपाशी मरत नाही. एवढेच मी त्याच्याकडून उचलले. बाकी मागाने शिकवले. एक तार तुटली तर गाठ मारावी, म्हणून कोणी ताणा, म्हणजे सगळे उभे धागे, कापत नाही. नांगर मातीतला ताणा कापतो.

योगेंद्र म्हणतो, "बापू, साफ करून धुडकूकाकाला बटाईनं देऊ. जंगल झालंय त्याचं."

"झालं नाही रे, केलंय!"

म्हणून अट: वावर तोच कसेल, जो नांगर घालणार नाही आणि पाला जाळणार नाही.

५. चुलत भाऊ धुडकू. शेजारचे वावर त्याचे. सात वर्षांपूर्वी त्याने बांध पेटवला, वाऱ्याने माझा पालाही गेला. वर गावभर सांगतो, "दगाचं वावर पडीक." मी सात वर्षे त्याच्याशी अबोला धरला, हा माझाही हट्ट. त्याला मी एक हक्क ठेवतो: माझ्या मातीत कोपरापर्यंत हात घालून पाहण्याचा. त्याच्या रानात बोटसुद्धा जात नाही.

६. वावर कसणाऱ्याचे नाव: ______________

ही ओळ कोरी राहते याचे वाईट वाटते. गावात चौघांना विचारले. चौघे हसले. इतकी वर्षे सुरतेहून गाडीने जाऊन-येऊन कसले, पण माझे गुडघे आता गाडीतून फलाटावर उतरू देत नाहीत. या पावसाळ्याआधी कोणी मिळाला नाही, तर योगेंद्र ट्रॅक्टर घालील. त्याचाही दोष नाही.

ठिकाण: डिंडोली, सुरत. दिनांक १३ एप्रिल २०२५.

सही: दगा ओंकार पाटील
साक्षीदार १: भटू (सही केली)
साक्षीदार २: शेजारीण ताराबाई

ताराबाई पेन उघडत होत्या तेवढ्यात कडी वाजली, म्हणून पुढचे लिहितो. याखाली तिघांच्या सह्या पुन्हा घेईन.

दारात धुडकूची बायको सुंदरा. एकटी, नंदुरबारहून सकाळच्या गाडीने आलेली. डोक्यावर पदर. मी जेठ, म्हणजे थोरला दीर, म्हणून लग्नाला चाळीस वर्षे झाली तरी माझ्याशी एक शब्द बोललेली नाही. आज ती चौकटीकडे बघत बोलली.

"दादा, आमना कपाशीना दोन तास तुमना पाल्यावरच वाढनात. मी गुपचूप टाकेल. यास्ले वाटस, नवं खत लागू पडनं."

धुडकूच्या कपाशीच्या दोन ओळी माझ्या पाल्यावर, आणि त्याला पत्ताच नाही! भटू खुर्चीवरून पडायचाच बाकी राहिला.

"ते वावर माले द्या. नांगर नही घालसू."

मी म्हणालो, "सुंदरा, आधी आत तर ये."

ती म्हणाली, "पहिले लिखा. मंग मझार येसू."