तुतीखालच्या बाकावरचा हिरवा ठिपका

प्रिय वजीहा,

सही बघायला पान उलटू नकोस, आत्ताच सांगून टाकते. मी सुब्हिया, नायेफची आई, वरच्या आळीतली. फेकायचं असेल तर आत्ता फेक. नाही फेकलंस तर बसून वाच, उभ्याने वाचू नकोस, तुझे गुडघे धरतात असं ऐकलंय. तुझ्या-माझ्या दारात एका बागेएवढं अंतर, आणि मी पत्र लिहायला बसलेय, हसायचं असेल तर हास. मशिदीतल्या बायकांच्या वर्गाला तूच मला ओढून नेलंस, माझ्या वहीतली आडवी पडलेली अक्षरं तूच उभी केलीस, तेव्हा हे जे काही वेडंवाकडं दिसतंय त्यात निम्मा दोष तुझा. पाकीट दुकानातून पाठवतेय. गालेबच्या बापाने मध्ये उघडून वाचलं असेल तर त्यालाही माझा सलाम.

बागेतली भिंत पडली हे मी तुला सांगायला नको, तुझ्याच खिडकीसमोर पडली. पण ती कशी पडली ते तुला ठाऊक नाही, कारण ते माझ्या बैठकीच्या खोलीत घडलं. लोक सांगत फिरतायत ते अर्धंच आहे. गालेबचा बाप तर दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो की नायेफच्या आईला आम्ही कॉफीवर पकडली. सांगू दे. एरवी मी त्याच्या दुकानात जाऊन त्याची दाढी उतरवली असती. पण खरं सांगते, राग म्हणून येत नाही. पाच दिवस झाले, पडल्या पडल्या झोप लागते.

सुरुवात शाळेतल्या त्या सभेपासून झाली. तू होतीस, पण तू खिडकीजवळ आणि मी दाराजवळ, मध्ये अख्खी वस्ती. ती पालिकेची पोरगी, इंजिनिअर रहफ, टेबलावर नकाशा पसरून म्हणाली की बाग तुमची आहे, काय ठेवायचं आणि काय काढायचं ते तुम्हीच सांगा. प्रत्येकाच्या हातात दोन चिकटणारे ठिपके दिले, हिरवा म्हणजे हे राहू द्या, तांबडा म्हणजे हे काढा. मी मनात म्हटलं, झालं, आता आपल्याला बालवाडीत बसवलं. पुढचा गोंधळ तू पाहिलासच. म्हाताऱ्यांना फासे खेळायला सावली हवी, पोरांना फुटबॉल हवा, आणि गालेबच्या बापाला सगळे बाक त्याच्या दुकानाकडे तोंड करून हवेत. बायकांना हवा होता संडास, आतून कडी लागणारा. पण पुरुषांच्या देखत तो शब्द उच्चारणार कोण? सगळ्याजणी आपल्या 'पाण्याची सोय, पाण्याची सोय' करत राहिल्या आणि त्या भोळ्या पोरीने नकाशावर दोन नळ काढून ठेवले. शेवटी मीच उठले, म्हटलं, बाई गं, नळ नको, संडास हवा, कडीचा. अर्धी सभा हसली, अर्ध्या सभेने जमिनीकडे बघितलं. पण संडास कागदावर आला की नाही? तू रुमालाचं टोक तोंडाशी धरून हसलीस. मी पाहिलं.

मग ठिपके लावायची वेळ आली. खालच्या आळीने तांबडे सगळे भिंतीवर लावले. का लावू नयेत? भिंतीपायी त्यांना दवाखान्यात जायचं तर एकशे बारा पायऱ्यांचा वळसा, पोटुशी असो की म्हातारी. वरच्या आळीतल्याही पुष्कळांनी लावले. बघता बघता कागदावरच्या भिंतीला गोवर आला. त्या तांबड्यात एकच हिरवा होता, तो माझा. रहफने विचारलं, मावशी, भिंत कशाला ठेवायची? मी म्हटलं, वारा अडतो. आपल्या या टेकडीवर वारा कुठून येतो हे अम्मानातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे, आणि तो तिकडून येत नाही. पण तिने बिचारीने लिहून घेतलं, 'वारा'.

तू सगळ्यात शेवटी उठलीस, लोक चहाकडे वळल्यावर. मला वाटलं, आता ही आपला तांबडा भिंतीवर असा हाणणार की टेबल हलेल. तू तांबडा ठिपका दुमडून पिशवीत टाकलास आणि फक्त हिरवा लावलास. तू गेल्यावर मी जाऊन पाहिलं. चष्मा घरी राहिला होता, कागदाला नाक लावून पाहिलं. तुतीखालचा बाक. तो बाक भिंतीच्या माझ्या बाजूला, तुला अकरा वर्षांत त्याला हात लावता आलेला नाही. रहफ म्हणाली, या खालच्या आळीच्या मावशींनी नकाशा उलटा धरला वाटतं. मी म्हटलं, ती चुकत नाही. आमच्या दोघींत चुकणारी ती नव्हे.

त्या रात्री आणि पुढे कित्येक दिवस माझं डोकं त्या ठिपक्यातच अडकलं. त्या बाकावर आपण काय नाही केलं गं? मुलुखियेच्या भाजीच्या जुड्या खुडल्या, सूर्यफुलाच्या बिया फोडून टरफलांचा सडा घातला, नवऱ्यांना नावं ठेवली. माझा नायेफ आणि तुझी अबीर त्याच बाकाला धरून उभं राहायला शिकले. आणि त्याच बाकावर एका दुपारी झर्का शहरातल्या त्या दोन बायका येऊन माझ्या शेजारी टेकल्या. अबीरला मागणी घालायच्या आधी शेजारीपाजारी चौकशी करायला आल्या होत्या. रीतच आहे, आपण दोघींनीही दुसऱ्यांच्या पोरींची केली आहे. त्यांनी विचारलं, मुलगी कशी आहे. मी म्हटलं, 'सोनं आहे. लहानपणापासून फिट येते, पण गोळी चुकली नाही तर काही होत नाही.' बास, एवढंच. त्या म्हणाल्या, अल्ला बरं करो. उठल्या, आणि तुझ्या दाराकडे न वळता बसच्या थांब्याकडे गेल्या. त्यांच्या पाठी दिसल्या तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला.

तुझ्या कानावर गेलं तेव्हा तू भांडली असतीस तर बरं झालं असतं. भांडणात मी कुणाला हार जात नाही. तू भांडली नाहीस. मी बाकावर येऊन बसले की तू स्वयंपाकघराची खिडकी लावून घ्यायचीस. आपटायची सुद्धा नाहीस, हळूच लावायचीस. रोज. महिनाभर. आता जे लिहितेय ते मी नायेफच्या बापालाही सांगितलं नव्हतं, तो बिचारा न कळताच गेला. खालची पोरं वर येऊन दंगा करतात म्हणून बागेत भिंत हवी, असा अर्ज मीच त्याच्याकडून लिहवून घेतला. घरोघर फिरून त्याने सह्या जमवल्या. कसला दंगा? केलाच असेल तर आपल्याच पोरांनी केला असेल. मला ती खिडकी लागताना बघवत नव्हती. माझ्या एकटीच्या लाजेसाठी मी दोन पुरुष उंचीची भिंत उभी करवली आणि अख्ख्या आळीला अकरा वर्षं पायऱ्या चढायला लावल्या.

आणि आता नियम असा निघाला की भिंतीला ज्याचं घर लागून आहे त्याची सही हवी. लागून घर एकच, माझं. मी सही देईना. हिरवा ठिपका डोक्यात होता, पण भिंत गेली आणि तू परत खिडकी लावलीस तर? पुन्हा भिंत कोण बांधून देणार? रहफ तीनदा आली, तीनदा वाऱ्याचं पुराण ऐकून परत गेली. चौथ्यांदा, जुम्म्याच्या दिवशी, ती गालेबच्या बापाला आणि इमामसाहेबांना घेऊन आली, तिघंही कडक इस्त्रीत. मी कॉफी आणली, कडू, वेलदोडा घातलेली. तिघांनी पेले घेतले आणि ओठाला न लावता समोर ठेवून दिले. मला कळायचं ते कळलं. पोरीला मागणी घालायला जातात, रक्ताचं वैर मिटवायला जातात, तशी माणसं माझ्या दारी बागेच्या भिंतीसाठी आली होती. मागितलेलं पदरात पडेपर्यंत पेल्याला हात लावणार नव्हती.

गालेबच्या बापाने घसा खाकरला आणि सुरुवात केली ती थेट बाबा आदमपासून. शेजारधर्म काय, पैगंबर शेजाऱ्याबद्दल काय म्हणून गेले, त्याच्या आजोबांनी कुणाला विहीर कशी दिली. मी पेल्यांकडे बघत होते. वाफ गेली. फेस बसला. कडेला तपकिरी कड धरली. गार होणारी कॉफी मला बघवत नाही हे तुझ्याइतकं कुणाला माहीत? आणि तो माणूस अजून विहिरीतून वर यायचा होता. मी म्हटलं, 'पुरे झालं. प्या आता.'

म्हटलं आणि जीभ चावली. घरधनिणीने 'प्या' म्हटलं की मागितलेलं दिलं. मी 'अहो थांबा' म्हणेपर्यंत गालेबच्या बापाने एका घोटात पेला रिकामा करून उपडा घातला होता. सत्तरीचा माणूस, दुकानात एक साबण काढून द्यायला अर्धा तास लावतो. इमामसाहेबांनी दुवा दिली आणि कॉफी प्यायली. रहफने डोळे मिटून औषधासारखी घेतली, तिला कडू चालत नाही, आणि दुसऱ्या हाताने पिशवीतून कागद काढला.

आता सगळे म्हणतात, सुब्हियाला तिच्या उतावळेपणाने बुडवली. म्हणू दे. तुला म्हणून सांगते, 'प्या' तोंडातून निघालं त्या क्षणाला माझं लक्ष कॉफीवर तेवढं नव्हतं. सही केली. ईदच्या आधी धुतलेला ओला गालिचा खांद्यावर घेऊन गच्चीचा जिना चढावा, आणि वरच्या पायरीवर कुणीतरी तो उचलून घ्यावा, तसं झालं. इतकं हलकं की मी त्यांना दुसऱ्यांदा कॉफी विचारली. गालेबच्या बापाला वाटलं मी शब्द फिरवतेय, तो चपला घालून पळाला.

यंत्र आलं तेव्हा मी मुद्दाम तुतीखाली बसले होते. धूळ खाली बसली. वारा-बिरा काही आला नाही. आला तो तुझ्या मुलुखियेचा वास, लसूण आणि धण्याची फोडणी, लसूण नेहमीसारखा जरा जास्तच. म्हणजे खिडकी उघडी होती. मी बसूनच राहिले. दुसऱ्या दिवशीही बसले, तिसऱ्या दिवशीही. आज पाचवा दिवस, खिडकी उघडी आहे. तू मला बघतेस हे मला माहीत आहे, कारण मीही तुला बघते. रहफ येऊन खुणा करून गेली, बाकाला हात लावणार नाहीत, नुसता रंग देतील, आणि तुतीभोवती कट्टा होईल. तुझ्या दारापासून बाकापर्यंत चढ सोपा करणार आहेत, पायरी एकही नाही. तुझ्या गुडघ्यांचं मीच तिला सांगितलं. हे सांगायला तुला विचारायला हवं होतं. बघ, अजून शिकतेच आहे. अबीर इर्बिदला सुखात आहे, नवरा औषधांच्या दुकानात बसतो, दोन पोरं आहेत, हेही कानावर आलं. लग्नाआधी तूच त्याला समोर बसवून सगळं सांगितलंस म्हणे. ते ऐकल्यावर मी दार लावून रडले आणि मग चेहरा धुऊन दोन घास जास्त जेवले.

आता हे पत्र कशासाठी ते. मी खोटं बोलले नव्हते. अकरा वर्षं या एका वाक्याला धरून बसले होते. पण ते माझं सांगायचं नव्हतं, तुझं होतं, आणि तू ते तुझ्या वेळेला, तुझ्या शब्दांत सांगितलंच असतंस. मी ते तुझ्या तोंडातून काढून घेतलं. हे समोर येऊन बोलायला गेले असते तर मध्येच भलतं काहीतरी बोलून बसले असते, माझं तोंड तुला ठाऊक आहे, म्हणून लिहिलं. उद्या दुपारी असरच्या नमाजानंतर मी खाली येते. माझ्याबरोबर इमाम नाही, पांढऱ्या दाढ्या नाहीत, माझ्यासाठी शब्द टाकायला चार माणसं नाहीत. मी एकटी, जिथे भिंत होती तिथून, सरळ. दार उघडलंस तर कॉफी कर. मी पेला घेईन, समोर ठेवीन आणि गप्प बसेन. वाफ जाऊ दे, फेस बसू दे, पार गारढोण होऊ दे, या वेळेला मी एक शब्द बोलणार नाही. 'पी' तू म्हणायचंस.

तुझीच, तू म्हणशील तर,
सुब्हिया