बाकावरची बाई

दापोडी, ५ मार्च १९५६
आज नर्स म्हणून रुजू झाले. रुळांपलीकडचं हे बारा खाटांचं इस्पितळ पाहताक्षणी आवडलं. भिंतींना ताजा चुना, मोठ्या खिडक्या आणि मला चक्क स्वतंत्र खोली! मोठ्या सिस्टर शालनबाई कडक वाटतात, पण पहिला चहा त्यांनीच करून दिला. ‘जमिला’ म्हणू का, असंही विचारलं.

९ मार्च
नातेवाइकांना इथे कुणी काही सांगतच नाही. दुपारी एका म्हाताऱ्याचा मुलगा व्हरांड्यातल्या बाकावर रडत होता. पांढऱ्या लुगड्यातली एक बाई त्याच्या कानाशी लागली होती. तो उठून घरी गेला. पाचच मिनिटांत म्हातारा गेला. बाई मग कुठेच दिसली नाही.

१२ मार्च
आज पुन्हा तेच घडलं. शालनबाईंना विचारलं. म्हणाल्या, ती फक्त ‘संपलं, घरी जा’ म्हणते. माणूस उठला की रोगी जातो. माझ्या आधीची सिस्टर तिला अडवायला गेली आणि जिवानिशी गेली, म्हणून तर जागा रिकामी झाली. बाकाकडे फिरकू नकोस.
मी म्हटलं, मग कुणाला उठूच द्यायचं नाही.

१४ मार्च
ज्योतीरामला आणलं. कारखान्यात पायात खिळा घुसला होता, आता धनुर्वात. जरा आवाज झाला की अंग कमानीसारखं वाकतं. त्याची बायको अंबुबाई किंचाळणार, तोच तिला बाहेर नेलं. पाणी दिलं. इंजेक्शन कशाचं, खोलीत अंधार का, झटका का येतो, सगळं सांगितलं.
“वाचतील का वो?” तिनं विचारलं.
माहीत नाही, म्हटलं. पण तुम्हाला एकटं सोडणार नाही.

१९ मार्च, दुपार
ती आली. अंबुबाईला खेटून बसली. डोळ्यांच्या जागी नुसती कातडी. अंबुबाई उठू लागली. मी दोघींच्या मध्ये घुसले. ओरडता येईना. आवाज झाला तर ज्योतीराम —
अंबुबाईचा हात घट्ट धरून ठेवला.
“न्हाई जात मी,” अंबुबाई पुटपुटली.

२४ मार्च
जबडा सैल झाला! दोन चमचे पाणी प्याला. अंबुबाई आत, त्याच्यापाशी.
तिच्या जागी बाकावर मी. आणि ती.
वहीतून मान वर करत नाही. कानाशी गार श्वास — माझ्या अम्माचं नाव घेते. हिला ते कुणी सांगितलं —
संपलं, म्हणते. घरी जा, म्हणते.
नाही.
खांदा बधिर. बोटं —
शालनबाई दारात. इकडेच येताहेत. बसल्या! माझा हात धरला. ऊन आहे त्यांचा हात.
आता बोल म्हणावं, काय बोलायचं ते. आम्ही दोघी इथून उठणार नाही —