खडूवर उमटलेलं रॉकेल

बाबा,

गेल्या महिन्यात मी तुमचं जहाज तपासलं. तुमचं म्हणजे, तुम्ही ज्याच्या गोष्टी सांगायचात तसलं, रिव्हेट ठोकून बांधलेलं अगदी सुरुवातीच्या काळातलं पोलादी तेलवाहू जहाज. त्याने तेल वाहायचं सोडलं त्याला जमाना झाला. मग कुणी त्याचं तरंगतं गोदाम केलं, आणि आता ते शारजाच्या एका यार्डात टेकवून ठेवलंय. एका कंपनीला ते दुबई मरीनात नेऊन त्यात रेस्टॉरंट काढायचं होतं. मधल्या टाक्यांमध्ये टेबलं, मागच्या टाकीत जनरेटरचं डिझेल. सर्व्हेयर म्हणून मी गेले होते. हो, मीच. तुम्ही असता तर गेटवरूनच मला घरी पाठवलं असतं.

गोदीतल्या कामाचा तुमचा वर्ग रविवारी सकाळी स्वयंपाकघरातल्या फरशीवर भरायचा, कारण उजेड तिथेच चांगला. तुम्ही गोडेतेलाचा रिकामा डबा घेऊन बसलाय, समोर दादा. पूर्वी तेल पिंपांतून जायचं, पिंपं गळायची, म्हणून शेवटी लोकांनी जहाजालाच पिंप केलं, असं तुम्ही सांगताय. डब्यात पाणी ओतून तो कलता केलात की सगळं पाणी एका अंगाला धावतं आणि डबा आडवा होतो. मग आत पत्र्याची उभी भिंत सरकवता, आणि डबा सावरतो. दादाचं लक्ष खाली चाललेल्या क्रिकेटकडे. पालथ्या घड्यावर पाणी, पण तुम्ही ओतत राहता. मी ओट्याशी पोळ्या लाटतेय. मी विचारते, की बॉयलरची खोली आणि तेलाची टाकी यांच्यामध्ये रिकामी जागा कशाला सोडतात? तुम्ही मान वर न करता म्हणता, "तुला काय करायचंय? पोळी करपतेय बघ." पोळी करपत नव्हती, बाबा.

पुढच्या रविवारी तोच प्रश्न मी दादाच्या कानात सांगितला. त्याने विचारला, आणि तुम्ही त्याच्या पाठीवर थाप मारून आईला हाक मारलीत, की बघ, पोरगा किती खोल विचार करतो. मग नीट उत्तर दिलंत. तेल झिरपलं तरी विस्तवापर्यंत पोचू नये, म्हणून. त्यानंतर माझे सगळे प्रश्न दादाच्या तोंडून तुमच्याकडे गेले. उत्तरं तो विसरायचा आणि मी जपून ठेवायचे. रॉकेलची परीक्षासुद्धा मी अशीच शिकले. पाणी जिथे अडतं तिथूनही तेल वाट काढतं. भिंतीच्या एका अंगाला खडूचा पातळ लेप द्यायचा, तो वाळू द्यायचा, दुसऱ्या अंगाने रॉकेल फासायचं आणि खडूवर डाग उमटतो का ते बघत बसायचं. डबा दादाने धरायचा, खडू मी कुटायचा.

दादा बारावी झाला तेव्हा तुम्ही तुमचा तपासणीचा हातोडा त्याला दिलात. एकदा तो तुमच्याबरोबर टाकीत उतरला, ओकला, आणि पुन्हा गोदीकडे फिरकला नाही. हातोडा मात्र तो इथे दुबईपर्यंत घेऊन आला. त्याच्या अल मनखूलच्या फ्लॅटमध्ये व्हॅक्युम क्लीनरच्या मागे पडलेला असायचा. मला गोदीच्या कामाला जाऊ दिलं ते आईने, तुमच्या मागे. तुम्ही गेलात म्हणून मी सर्व्हेयर झाले. लिहायला वाईट वाटतं, पण खरं आहे.

त्या रेस्टॉरंटच्या कंपनीत दादाच प्रोजेक्ट मॅनेजर. माझं नाव त्यानेच सुचवलं. घरचं माणूस आहे, सांभाळून घेईल, असा त्याचा हिशेब. मी माझ्या ऑफिसला नातं सांगितलं, पण त्यांना काम हवं होतं. यार्डाचा फोरमन रत्नागिरीकडचा. डिझेलची टाकी आणि जेवणाचा हॉल यांच्यामधल्या भिंतीवर आम्ही खडू लावला, पलीकडून रॉकेल फासलं. दुपारपर्यंत रिव्हेटच्या रांगेवर एकेक काळपट डाग उमटत गेला. फोरमनने एका डागावर बोट टेकवून वास घेतला.

"मॅडम, आता सगळे मशीन लावतात. हे जुनं काम कोणी शिकवलं तुम्हाला?"

"आमच्या बाबांनी," मी म्हणाले. दादा शेजारीच उभा होता.

गाडीत बसल्यावर दादाने विषय काढला. ओपनिंगची डेट अनाउन्स झालीये, पेंटचा एक कोट मारतो, तू फोटो परत काढ. मी म्हटलं, तिथे माणसं जेवायला बसणार, हॉलला लागूनच भटारखाना पेटलेला असणार. "प्रोजेक्ट खलास झालं तर माझा व्हिसा खलास," तो म्हणाला. मी नाही म्हटलं. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा त्याने माझ्याकडे न बघता सांगितलं, "आणि बाबांनी तुला काहीही शिकवलेलं नाही. ते मला शिकवत होते."

माझा रिपोर्ट गेला, जहाज नापास झालं आणि दादाची नोकरी गेली. परवा मी दादा-वहिनींना पुण्याला परतायचं सामान बांधायला मदत करायला गेले. त्याच्या मुलीने मला दारातच विचारलं, "आत्या, व्हाय कुडन्ट यू जस्ट साइन?" वहिनीने तिला आत बोलावलं, पण मला बस म्हणाली नाही. हातोडा बाहेर काढून ठेवलेला होता. तो मी मागितला. "बाबांनी मला दिलाय," दादा म्हणाला, आणि टॉवेलमध्ये गुंडाळून त्याने तो बॅगेत घातला. काय करणार आहे तो पुण्यात त्याचं? मला राग दादाचा येत नाही, बाबा. तुमचा येतो, आणि तुम्ही भांडायलाही उरला नाहीत.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. काल ऑफिसातल्या नव्या मुलीने रॉकेलच्या परीक्षेचे फोटो पाहिले आणि फोरमनने विचारलं तेच विचारलं. मी पुन्हा म्हटलं, बाबांनी शिकवलं. तुमचं नाव राहावं म्हणून नाही. शिकवलं नाही असं म्हणायला गेले की मला अजून रडू येतं, म्हणून.