खोडलेली पहिली ओळ

चाचा, तार अजून सागावरूनच गेलेली आहे. धानोऱ्याच्या ऑफिसातल्या बाईंनी आज दुपारी खिडकीतून पाहून मला फोनवर सांगितलं, "तुमी बांधून गेले तशीच आहे ना भाऊ. काऊन इचारता, काई झालं का?" तिथे काही झालेलं नाही. पण काल नागभीडला वीज पडली. एका दुकानातला टेलिफोन जळाला आणि रिसीव्हर धरून बोलणारा माणूस दवाखान्यात आहे. हे कळलं आणि मी धानोऱ्याला फोन लावला.

तुम्ही गेलात तेव्हा आपल्याकडे कोणी कॉम्प्युटर पाहिला नव्हता. आता मी ऑफिसांतले कॉम्प्युटर एकमेकांना तारेनं जोडून देतो. धानोऱ्याचं हे ऑफिस मोह, डिंक, हिरडा विकत घेणाऱ्या एका संस्थेचं. समोरच्या खोलीत तीन कॉम्प्युटर, आणि अंगणापलीकडच्या गोदामात एक. त्यावर बाई मालाची वजनं चढवतात. तुम्ही दिलेल्या, हातागणिक गाठ मारलेल्या दोरीनंच मी मापं घेतली आणि दर लिहायला बसलो. तार, भिंतीवरची पट्टी, जोडण्या, मजुरी. सगळ्यांच्या वर मात्र तुमची ओळ: अर्थिंगचा खड्डा, मीठ, कोळसा, आणि अंगणातून जमिनीखाली पाइप.

तुमच्या हाताखाली वायरिंग शिकत होतो तेव्हा राजुऱ्याच्या कापसाच्या जिनिंगमध्ये मी बोर्ड आणि बटनांपासून अंदाजपत्रक सुरू केलं होतं. तुम्ही चहाचा कप खाली ठेवता, कागद वाचता आणि सगळ्या मजुरांसमोर त्याचे चार तुकडे करता. "लाइट जळला तं दुसरा आणता येते. मानूस कुठून आणशीन बे? खड्डा पयले लिव." कान तापलेले असताना मी पुन्हा पहिल्यापासून लिहितो.

धानोऱ्याच्या मॅनेजरनी ती ओळ वाचली. "मीठ, कोळसा? कॉम्प्युटरची भाजी करून राह्यले का भाऊ?" सगळं ऑफिस हसलं. मग ते म्हणाले, अंगण मुरमाड आहे, खोदकाम परवडणार नाही, तार अंगणातल्या सागावरून घ्या. नाहीतर गडचिरोलीचा दुसरा माणूस तयार आहे. मी वाद घातला नाही. पेन काढून ओळ खोडली. तुम्ही फाडला असता तो कागद मी सही करून दिला.

सध्या रोज तीनच्या सुमारास धानोऱ्याकडचं आभाळ काळं होतं, आणि मला बाई दिसतात. गोदामात एकट्या, बोटं कीबोर्डवर, खिडकीतून आत आलेली ती निळी तार. सागावर वीज पडली तर ती पुढे कुठे जाईल, हे मला तुम्हीच शिकवलंय.

उद्या पहिल्या बसनं कुदळ, पाइप, मीठ आणि कोळसा घेऊन निघतो. खर्च माझा. पोचल्याबरोबर आधी तार उतरवीन, मग खड्डा.

पण उद्यापर्यंत काय? आज बाईंनी 'काऊन' विचारलं तेव्हा एवढंच सांगायचं होतं, की ती तार आत्ता काढून ठेवा, आभाळ आलं की त्या टेबलाशी बसू नका. ते सांगितलं असतं तर ओळ का खोडली तेही सांगावं लागलं असतं. मी म्हणालो, "काई नाई, असंच विचारलं."

हा कागद कुठल्या टपालात टाकायचा नाही. ऑफिस पाचला बंद होतं, अजून पाऊण तास आहे. आता फोन फिरवतो. बाई उचलतील, आणि पुन्हा विचारतील, काऊन.